फ्रँकफर्टला उतरून पुढे ट्रेनने जायचंय? नाशिकमध्येच करून ठेवायची तयारी

सप्टेंबर आला की नाशिकमधून बरीच पोरं जर्मनीला निघतात, तिकडचं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं म्हणून, आणि हल्ली त्यांच्या मागोमाग आईबाबापण जातात. व्हिसा, विमा, फॉरेक्स सगळं महिनोन् महिने चालतं, पण विमानातून उतरल्यावरचा ट्रेनचा प्रवास मात्र ‘तिथं गेल्यावर बघू’वर राहतो. माझं म्हणणं, नेमका तोच भाग घरी बसून ठरवा. नाशिकरोडला डबा कुठे येईल ते हमाल सांगतो, चहावाला सांगतो, शेजारचे काका तर बॅगपण चढवून देतात. तिथं हमाल नाही, आणि रात्रीच्या वेळी प्लॅटफॉर्मवर विचारायला कोणी भेटेलच असं नाही.

आधी स्टेशनचं पूर्ण नाव मागवून घ्या, नुसतं शहराचं नाव पुरत नाही. फ्रँकफर्ट दोन आहेत, आपलं विमान उतरतं ते माइन नदीवरचं आणि दुसरं ओडर नदीवरचं, पार पोलंडच्या बॉर्डरला. कासेलला जाणार असाल तर आयसीई, म्हणजे तिकडच्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या, सहसा विल्हेल्म्सह्योए स्टेशनला थांबतात, मुख्य स्टेशनला नाही. एअरपोर्टवरपण दोन स्टेशनं आहेत, लांब पल्ल्याच्या गाड्यांचं वेगळं, लोकलचं वेगळं. म्हणून ज्याच्याकडे जाताय त्यालाच मेसेजमध्ये नाव टाकायला सांगा आणि तेच कॉपी करून जर्मन रेल्वेच्या डीबी नेव्हिगेटर अ‍ॅपमध्ये टाका, हे अ‍ॅप इथूनच घेऊन आठ दिवस रोज तुमची गाडी बघत राहा म्हणजे हात बसतो.

तिकीट काढताना स्वस्त दिसतंय म्हणून लगेच श्पारप्राइस, म्हणजे सवलतीचं तिकीट, घेऊ नका, ते त्याच ठरलेल्या गाडीला बांधलेलं असतं. विमान लेट झालं, इमिग्रेशनची रांग लांबली, बॅग उशिरा आली आणि गाडी सुटली तर ते तिकीट गेलं. मधे तीन-चार तास मोकळे ठेवणार असाल तर ठीक, नाहीतर थोडे जास्त पैसे देऊन फ्लेक्सप्राइस घ्या, त्या दिवशी त्या मार्गावरची कुठलीही गाडी चालते. पण उशीर रेल्वेचाच असेल आणि मुक्कामाला २० मिनिटं किंवा जास्त लेट पोचणार असं दिसत असेल तर स्वस्त तिकिटावरपण दुसरी गाडी पकडता येते, एक तासाच्या वर उशीर झाला तर पंचवीस टक्के पैसे परत मागता येतात. जर्मन गाड्या घड्याळावर चालतात हे डोक्यातून काढा, २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या जेमतेम ६२.५ टक्के गाड्या वेळेवर होत्या. शेवटची गाडी धरायचा प्लॅन करूच नका.

तिकीट काढलं म्हणजे सीट मिळाली असं सेकंड क्लासला नसतं, रिझर्व्हेशन वेगळं करावं लागतं, सामान आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर कराच. प्लॅटफॉर्मला ए, बी, सी असे भाग असतात, तुमचा डबा कुठल्या भागात येणार ते बोर्डवर आणि अ‍ॅपमध्ये दिसतं. काही आयसीई दोन गाड्या जोडून धावतात आणि मधल्या स्टेशनला वेगळ्या होऊन वेगवेगळ्या शहरांना जातात, तेव्हा चढताना डब्याच्या दाराजवळ लिहिलेलं शेवटचं स्टेशन वाचूनच पाय टाका.

सामान एवढंच घ्या की एकट्याने उचलून चढवता येईल, मधल्या स्टेशनला गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. बॅगा भरून झाल्या की बिल्डिंगचा जिना लिफ्ट न वापरता एकदा चढून बघा, कळतं लगेच. कोंडाजीचा चिवडा खुशाल न्या. पण तूप, पेढे, मटणाचं काहीही युरोपात नेता येत नाही, द्राक्षं नि पेरूपण सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत, आणि कढीपत्ता तर अजिबातच नाही. प्रवास रविवारी असेल तर जेवणाची सोय आधीच बघा, त्या दिवशी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी मिळतात. टॉयलेटसाठी एक-दोन युरोची नाणी वेगळी ठेवा. तिकिटाची पीडीएफ मोबाईलमध्ये आणि एक प्रिंट पासपोर्टसोबत, कारण तपासणी गाडीत होते.

शेवटी स्टेशनपासून घरापर्यंतचं. ट्रामचा नंबर, स्टॉपचं नाव, नकाशा सगळं ऑफलाइन सेव्ह करून ठेवा. तिथं बिल्डिंगखाली बेलवर बहुतेक वेळा फ्लॅट नंबर नसतो, आडनाव असतं. तेव्हा कुणाच्या नावाची बेल दाबायची ते विचारून घ्या, आणि घरमालक रात्री किती वाजेपर्यंत किल्ली देईल तेपण.