बोडी : कॅलिफोर्नियातलं सोन्याच्या खाणींचं ओस गाव पाहायला जाताना

बोडीला निघण्याआधी पेट्रोलची टाकी, पाण्याच्या बाटल्या आणि जेवणाचा डबा भरून घ्या. गावात पेट्रोल किंवा जेवण मिळत नाही, मोबाइलला रेंजही नाही. उत्तरेकडून येणाऱ्यांनी ब्रिजपोर्टला, दक्षिणेकडून येणाऱ्यांनी ली व्हायनिंगला पेट्रोल भरावं. प्रवेशशुल्कासाठी रोख डॉलर जवळ असलेले बरे.

ब्रिजपोर्टच्या दक्षिणेला सुमारे ७ मैलांवर हायवे ३९५ सोडून पूर्वेकडे २७० नंबरच्या रस्त्याला लागा. तिथून १३ मैल. त्यातले शेवटचे ३ कच्चे आणि खडबडीत. तिथे वेग वाढवला की टायर फाटतो. स्टेपनीची हवा आधीच तपासा. गाडी भाड्याची असेल, तर कच्च्या रस्त्याला मनाई आहे का, तेही करारात बघून घ्या. हिवाळ्यात बर्फामुळे गाड्या बंद होतात, स्की, स्नोशू (बर्फात न रुतणारे रुंद तळवे) किंवा बर्फावरच्या स्नोमोबाइल गाडीनेच पोचता येतं.

गाव साधारण २,५५० मीटर उंचीवर आहे. डोकं दुखणं, दम लागणं इथे नेहमीचंच, म्हणून सावकाश चाला आणि पाणी पीत राहा. सावली जवळपास नाही. ऊन असलं तरी जॅकेट हवंच. बूट जाड तळाचे घाला, जमिनीत जुने खिळे आणि काचा आहेत.

पोचल्याबरोबर स्टँडर्ड मिल या खनिज कुटायच्या जुन्या गिरणीच्या मार्गदर्शित फेरीची चौकशी करा. ती उन्हाळ्यातच असते आणि तिच्याशिवाय मिलच्या आवारात जाता येत नाही. खरं बोडी कळतं ते तिथेच. खनिज कुटून पाऱ्याच्या मदतीने सोनं कसं वेगळं करत, ते यंत्रांसमोर उभं राहून समजतं. मग मायनर्स युनियन हॉलमधलं (खाणकामगार संघटनेच्या सभागृहातलं) संग्रहालय आणि १८८२ चं मेथडिस्ट चर्च पाहा.

बहुतेक घरं बाहेरूनच पाहायची असतात. १९६२ पासून हे राज्य उद्यान आहे. इमारती कोसळू नयेत एवढीच डागडुजी होते, आतलं सामान धुळीसकट तसंच ठेवलंय. आतले फोटो घेताना लेन्स खिडकीच्या काचेला टेकवून भोवती हाताचा आडोसा करा, नाहीतर फोटोत तुमचंच प्रतिबिंब येईल. गंजलेला खिळासुद्धा उचलू नका, तो गुन्हा आहे. (उचललेल्या वस्तू ‘शाप लागला’ म्हणून टपालाने परत पाठवणारेही आहेत!)

उद्यान बंद व्हायची वेळ प्रवेशद्वारावरच विचारून ठेवा. परतीचा रस्ता पश्चिमेकडे जातो. उशिरा निघालात तर त्या खडबडीत ३ मैलांवर मावळतीचं ऊन थेट डोळ्यांवर येतं.