अमेरिकेतली घरची जमीन शेतीखालीच ठेवायची असेल तर

अमेरिकेत शहरालगतच्या शेताला बिल्डर देतो तो भाव आणि शेतकरी देऊ शकतो तो भाव यांत मोठी तफावत असते, आणि वडिलांच्या पश्चात वाटण्या होताना हीच तफावत वारसांना जमीन विकायला लावते. तिच्यावरचा कायदेशीर उपाय म्हणजे ‘कॉन्झर्व्हेशन ईझमेंट’. यात मालकी आपल्याकडेच राहते; प्लॉट पाडण्याचा हक्क मात्र आपण कायमचा सोडतो आणि ती अट पाळून घेण्याचा अधिकार लँड ट्रस्टला (जमिनी राखण्याचे काम करणाऱ्या बिगरसरकारी संस्थेला) किंवा सरकारी यंत्रणेला लिहून देतो. काउंटीच्या, म्हणजे परगण्याच्या, दप्तरी नोंदलेला हा दस्त सातबाऱ्यावरच्या बोज्यासारखा जमिनीबरोबर चालतो, फक्त तो सहसा कधी उतरत नाही. (महाराष्ट्रात हा मार्ग सरळ उपलब्ध नाही, कारण १८८२ च्या भारतीय ईझमेंट कायद्यात असा हक्क दुसऱ्या एखाद्या जमिनीच्या उपभोगासाठी असावा लागतो.)

जमीन घराण्यातच राहील, अशी हमी हा दस्त देत नाही. म्हणून मृत्युपत्राची व्यवस्था वेगळी करावी आणि मुलांशी आधीच बोलून घ्यावे. त्यानंतर ट्रस्ट निवडावा. कॅलिफोर्नियात मरीन परगण्याचा शेतजमीन ट्रस्ट १९८० पासून, तर मेरीलँडमध्ये राज्य सरकारचे प्रतिष्ठान १९७७ पासून हे काम करीत आहे.

सर्वाधिक वेळ मसुद्याला द्यावा. घर, कोठार, गोठा आणि मजुरांची घरे कोठे बांधता येतील, ती जागा नकाशावर आखून घ्यावी. दस्तात ‘सध्याच्या इमारती’ एवढेच लिहिले, तर पुढे नातीला दुधाचे चीज करण्यासाठी साधी शेड उभारायची झाली तरी ट्रस्टची मनधरणी करावी लागेल. विहीर, सौर पॅनेल आणि शेतावरचे विक्रीचे दुकान यांचाही स्पष्ट उल्लेख हवा. जमीन गहाण असल्यास, बँकेने आपला हक्क या दस्ताच्या खालचा मानल्याची लेखी संमती दस्त होण्यापूर्वीच घ्यावी; एरवी हक्क दान केल्यावर मिळणारी करसवलत हातची जाते.

सोडलेल्या हक्काची किंमत ठरते ती बंधनाआधीच्या आणि नंतरच्या मूल्यांकनातील फरकावरून. समजा, दहा लाख डॉलरची जमीन बंधनानंतर सहा लाखांची झाली, तर हक्काचे मोल चार लाख. हक्क विकल्यास संघीय कृषी खात्याच्या योजनेतून साधारणपणे त्याच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. हक्क दान केल्यास आयकरात वार्षिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत वजावट मिळते. निम्म्याहून अधिक उत्पन्न शेतीचे असलेल्यांना ती १०० टक्क्यांपर्यंत मिळते. दोन्ही बाबतींत उरलेली वजावट पुढील १५ वर्षे वापरता येते. गुंतवणुकीच्या कित्येक पट वजावटीचे आमिष दाखवणाऱ्या भागीदारी योजनांपासून मात्र चार हात दूरच राहावे: २०२२ च्या कायद्याने अशा वजावटींना अडीच पटीची मर्यादा घातली आहे.

सहीपूर्वी ट्रस्ट शेताची छायाचित्रे व नकाशांसह स्थितिनोंद तयार करतो आणि पुढे दरवर्षी पाहणीला येतो. त्या खर्चासाठी ट्रस्ट बहुधा मालकाकडून एकरकमी निधी मागतो, तेव्हा तो आकडा बोलणी सुरू होतानाच विचारून घ्यावा.