घरच्या घरी एचआरव्ही कसा मोजायचा आणि आलेल्या आकड्याचं करायचं काय

आमच्या रनिंग ग्रुपवर हल्ली रोज कोणीतरी घड्याळाचा स्क्रीनशॉट टाकतं, "एचआरव्ही ३२ दाखवतोय, काळजीचं आहे का?", लगेच खाली दुसरा लिहितो माझा ७०, तिसरी लिहिते माझा तर १८, आणि मग ती १८ वाली बिचारी दिवसभर टेन्शनमध्ये. म्हणून एकदा नीट बसून सगळं लिहून काढतेय. एचआरव्ही म्हणजे हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरातला कमीजास्तपणा, तो नीट पुढे समजावते. पहिली गोष्ट आत्ताच सांगून टाकते, एचआरव्हीची तुलना फक्त स्वतःच्याच मागच्या आकड्यांशी करायची, तीसुद्धा एकाच मशीनवर आणि एकाच पद्धतीने मोजलेल्या. शेजारच्याशी, नवऱ्याशी, ग्रुपमधल्या २५ वर्षांच्या मुलाशी अजिबात नाही.

आता हा प्रकार काय आहे ते. नाडी ६० आहे म्हणजे प्रत्येक ठोका बरोब्बर एक सेकंदाने पडतो असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. एक ठोका ९४० मिलीसेकंदांनी येतो, पुढचा १०३० नी, त्याच्या पुढचा ९८० नी. अंतरातला हा जो कमीजास्तपणा आहे तो म्हणजे हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, आणि निरोगी हृदयात तो असायलाच हवा. घड्याळ नसलं तरी कळतो, आत्ता वाचता वाचता करून बघा: मनगटावर अंगठ्याच्या खाली नाडी धरा, हळू खोल श्वास घ्या आणि तितक्याच हळू सोडा. श्वास घेताना ठोके जरा जवळजवळ येतात आणि सोडताना लांबतात, तरुण माणसात तर अगदी स्पष्ट जाणवतं. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्येच हे नोंदवून ठेवलंय, तेव्हा हे काही स्मार्टवॉचवाल्यांनी शोधलेलं खूळ नाही.

असं का होतं, तर हृदयात सायनस नोड नावाचा छोटासा भाग असतो, तो स्वतःच्या लयीत मिनिटाला साधारण १०० ठोके द्यायला तयारच असतो. मेंदूकडून येणारी व्हेगस नर्व्ह त्याला सतत मागे ओढते, म्हणून आपण शांत बसलेलो असताना नाडी ६०-७० वर असते. गंमत म्हणजे व्हेगसचा परिणाम एका सेकंदाच्या आत दिसतो, पण "पळ किंवा लढ" वाली जी सिम्पथेटिक यंत्रणा आहे तिचा परिणाम यायला काही सेकंद लागतात. त्यामुळे एका ठोक्यापासून लगेच पुढच्या ठोक्यापर्यंत जो फरक पडतो तो बहुतेक सगळा व्हेगसचा असतो. शरीर निवांत आहे, झोप झालीये, कुठे इन्फेक्शन नाही, तर व्हेगस मोकळेपणाने काम करते आणि फरक मोठा दिसतो, आणि शरीरावर ताण असला, मग तो ऑफिसचा असो, तापाचा असो की काल केलेल्या लांब पल्ल्याच्या रनचा असो, तर ठोके घड्याळाच्या काट्यासारखे एकसारखे पडायला लागतात.

डॉक्टर लोक हे कधीपासून वापरतात याचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे लेबर रूम. ज्यांच्या घरात कोणाचं बाळंतपण झालंय त्यांनी पोटाला पट्टे लावून बाळाच्या ठोक्यांचा कागद निघताना पाहिला असेल, त्या रेघेत डॉक्टर फक्त ठोके किती ते बघत नाहीत, रेघ वरखाली थरथरतेय ना तेही बघतात, आणि बराच वेळ सपाट राहिली तर सावध होतात. हॉन आणि ली या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ मध्ये दाखवलं होतं की बाळ अडचणीत येतं तेव्हा ठोक्यांची संख्या बदलायच्या आधी हा चढउतार बदलतो. नंतर १९८७ मध्ये क्लायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ८०८ पेशंटच्या २४ तासांच्या होल्टर रेकॉर्डिंगवरून (अंगाला लावलेल्या छोट्या मशीनवर सलग काढलेला ईसीजी) दाखवलं की ज्यांचा चढउतार ५० मिलीसेकंदांच्या खाली होता त्यांच्यात मृत्यूचा धोका १०० च्या वर असलेल्यांपेक्षा पाचपटीहून जास्त होता. हे वाचून लगेच घड्याळ बघू नका प्लीज! तो ५० हा आकडा अख्ख्या २४ तासांच्या ईसीजीचा आहे, अटॅक येऊन गेलेल्या लोकांचा आहे, आणि तुमच्या मनगटावरचा ३२ ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे.

वेगळी कशी? इथेच सगळा घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. एचआरव्ही मोजायची एक पद्धत नाहीये, बऱ्याच आहेत, आणि ग्राहकांच्या मशीनमध्ये दोन चालतात. एक आरएमएसएसडी, यात लागोपाठच्या ठोक्यांच्या अंतरातला फरक धरतात, म्हणजे मुख्यतः व्हेगसचं काम. दुसरी एसडीएनएन, यात त्या वेळातला सगळा कमीजास्तपणा धरतात, आणि रेकॉर्डिंग जितकं लांब तितका हा आकडा वाढतो. ॲपल वॉच हेल्थ ॲपमध्ये एसडीएनएन दाखवतं, तेही दिवसभरात मधूनमधून घेतलेल्या छोट्या रीडिंगचं. गार्मिन, ओरा, व्हूप, फिटबिट हे आरएमएसएसडी वापरतात आणि भर झोपेवर असतो. काही ॲप तर त्या आकड्यावर गणित करून ० ते १०० चा स्कोअर देतात. म्हणजे एकाच माणसाचा एकाच दिवशी तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे येणार आणि तिन्ही बरोबर असणार. निरोगी मोठ्या माणसांच्या पाच मिनिटांच्या रीडिंगवर झालेल्या बऱ्याच अभ्यासांची सरासरी काढली तर आरएमएसएसडी ४२ च्या आसपास येतो, पण वेगवेगळ्या अभ्यासांतली सरासरीच १९ पासून ७५ पर्यंत पसरलेली आहे. वयाप्रमाणे तो कमीही होत जातो. त्यामुळे ग्रुपमधल्या त्या १८ वाल्या ताईंचं वय ५८ असेल आणि त्यांचा नेहमीच १८ च्या आगेमागे असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मोजायचं कसं ते बघू. सगळ्यात खात्रीचा म्हणजे छातीचा पट्टा, पोलर एच१० सारखा, कारण तो हृदयाचा इलेक्ट्रिकल सिग्नल पकडतो. मनगटावरचं घड्याळ हिरव्या लाइटने कातडीखालच्या रक्ताचा प्रवाह बघतं, झोपेत किंवा अगदी स्थिर बसल्यावर ते बऱ्यापैकी चालतं, पण हात हलला की विश्वास ठेवू नका. चालताना, गाडीवर, भांडी घासताना आलेलं रीडिंग सरळ सोडून द्यायचं. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून मोजणारी ॲपही आहेत, एचआरव्हीफोरट्रेनिंग त्यातलं जुनं नाव, नवीन काही विकत घ्यायचं नसेल तर हा पर्याय चांगला आहे, फक्त हात गार नको आणि बोट जोरात दाबायचं नाही.

घड्याळ रात्री आपोआप मोजत असेल तर तुम्हाला फक्त ते घालून झोपायचंय, पट्टा ना फार सैल ना फार घट्ट, बस्स. छातीचा पट्टा किंवा कॅमेरा वापरत असाल तर सकाळची वेळ पक्की करा. उठायचं, लघवीला जाऊन यायचं, आणि चहा घ्यायच्या आधी, फोनवर मेसेज बघायच्या आधी (हे सगळ्यात अवघड, मला माहितीये) मोजायचं. झोपून मोजायचं की बसून, हे एकदा ठरवा आणि मग बदलू नका, कारण नुसती पोझिशन बदलली तरी आकडा बदलतो. ज्यांची नाडी खूप कमी आहे, ५० च्या खाली वगैरे, म्हणजे बरीच वर्षं पळणारे लोक, त्यांनी बसूनच मोजावं, कारण झोपलेल्या अवस्थेत त्यांच्यात व्हेगसचा जोर इतका असतो की फिटनेस चांगला असूनही एचआरव्ही उगाच कमी दिसू शकतो. मिनिटभर शांत बसा आणि मग एक ते पाच मिनिटं रेकॉर्ड करा. श्वास नेहमीसारखा. मुद्दाम खोल श्वास घेऊन आकडा वाढवायचा नाही, तो वाढतोच, पण मग तुलना कशाशी करणार? ॲपल वॉचवाल्यांनी हे खास लक्षात ठेवा, माइंडफुलनेस ॲपमधलं श्वासाचं सेशन केलं की त्या वेळचं एचआरव्ही रीडिंगही नोंदलं जातं, ते हळू श्वासामुळे फुगलेलं असतं, बाकीच्या रीडिंगमध्ये मिसळू देऊ नका.

पहिले दोनतीन आठवडे काहीही निष्कर्ष काढू नका. गार्मिनसुद्धा तुमची नेहमीची रेंज ठरवायला साधारण तीन आठवडे घेतं. त्यानंतर रोजचा आकडा न बघता मागच्या सात दिवसांची सरासरी बघायची. एका दिवसात ४५ चा ३० होणं आणि परत ४८ होणं हे अगदी कॉमन आहे. सात दिवसांची सरासरी तुमच्या नेहमीच्या रेंजच्या खाली गेली आणि तिथेच राहिली, सोबत सकाळची नाडीही नेहमीपेक्षा पाचसात ठोक्यांनी वर आहे, तर मग शोधायला लागायचं की झालंय काय.

बहुतेक वेळा कारण सापडतं. दारू, हे मी पहिल्यांदा लिहिते कारण रात्रीच्या रीडिंगमध्ये तिच्याइतका ठळक खड्डा दुसऱ्या कशानेच पडत नाही, दोन पेग घेतलेल्या रात्रीचा ग्राफ बघितला की कोणाला समजावून सांगायची गरज उरत नाही. मग रात्री उशिरा जड जेवण, विसर्जनाच्या रात्रीचं जागरण, नाइट ड्युटी, मे महिन्यातला उकाडा आणि कमी पाणी, सर्दीताप, जो कधीकधी अंगात भरायच्या आधीच आकड्यात दिसतो. बायकांनी आणखी एक लक्षात ठेवायचं, पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत एचआरव्ही थोडा कमी आणि नाडी थोडी जास्त असणं नॉर्मल आहे, म्हणून तुलना मागच्या आठवड्याशी करण्यापेक्षा मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी करा. हे घड्याळ सांगत नाही आणि त्यामुळे कितीतरी जणी दर महिन्याला उगाच स्वतःला दोष देत बसतात, मला याचं खरंच वाईट वाटतं.

व्यायाम करणाऱ्यांसाठी याचा सरळ उपयोग आहे. साताऱ्याची हिल हाफ किंवा जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन धरून तयारी करत असाल तर प्लॅनमध्ये इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटूनपालटून पळणं) किंवा घाटातलं रनिंग लिहिलंय म्हणून केलंच पाहिजे असं नाही, सरासरी खाली असेल तर त्या दिवशी हळू जॉग करा किंवा चाला, हार्ड वर्कआउट दोन दिवस पुढे ढकला. फिनलंडमध्ये २००७ मध्ये हौशी रनर्सवर असा प्रयोग झाला होता, सकाळचा एचआरव्ही बघून हार्ड की इझी ठरवणाऱ्यांची प्रगती आधीच ठरलेला प्लॅन पाळणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. उलट बाजूनेही सांगते, आकडा चांगला आहे पण गुडघा दुखतोय तर पळायचं नाही, गुडघ्याचं दुखणं एचआरव्हीला कळत नाही.

वाढवायचा कसा, हा प्रश्न येणारच. झोपेची वेळ पक्की करणं, आठवड्यातले बहुतेक दिवस चालणं किंवा पळणं, दारू सिगारेट बंद, जेवण लवकर. कंटाळवाणी यादी आहे पण खरी हीच आहे, आणि परिणाम दिसायला आठवडे नाही तर महिने लागतात. त्याच्या जोडीला श्वास. मिनिटाला साधारण सहा श्वास, म्हणजे चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर, नाकाने, पोट सैल सोडून, दिवसातून दहापंधरा मिनिटं. सहाच का, तर बीपी सांभाळणारी जी आपली यंत्रणा आहे तिचं एक आवर्तन साधारण दहा सेकंदांचं असतं, श्वासही तितकाच लांब केला की दोन्ही एकमेकांना साथ देतात आणि ठोक्यांचा चढउतार सगळ्यात मोठा होतो. प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा, साडेचार ते साडेसहाच्या मध्ये कुठेतरी, ज्या वेगात गुदमरल्यासारखं होत नाही तो आपला. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये २३ जणांवर तपासलं होतं की ख्रिश्चन लोकांची जपमाळेवरची लॅटिन रोझरी प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणताना काय होतं, तर दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला. त्यामुळे घरी आजी संथपणे जप करत असेल तर तिला वेगळं ॲप द्यायची गरज नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये तर १९२४ पासून प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास चाललाय, आपल्याकडे ही परंपरा आहे. फक्त चक्कर आली, हातपाय झिणझिणले तर थांबा, श्वास जोरात घेताय असा त्याचा अर्थ.

डायबेटिस असलेल्यांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की जशा पायाच्या नसा खराब होतात तशा हृदयाच्याही होतात, आणि मग ठोक्यांमधला चढउतार कमी होतो. उठून उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी, बसल्या जागी नाडी १०० च्या वर, अशी लक्षणं पुढे येतात, आणि काहींना हार्ट अटॅक आला तरी छातीत दुखत नाही. याची साधी टेस्ट आहे, ईसीजी चालू ठेवून मिनिटभरात सहा खोल श्वास घ्यायला सांगतात आणि श्वास घेताना-सोडताना नाडीत किती फरक पडतो ते बघतात. युइंग आणि क्लार्क यांनी १९८२ मध्ये ठरवलेल्या मापाने मिनिटाला १५ ठोके किंवा जास्त फरक म्हणजे नॉर्मल, १० किंवा कमी म्हणजे बिघाड, अर्थात वय धरून. घरात कोणाला दहापंधरा वर्षांची शुगर असेल तर पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना या टेस्टबद्दल नक्की विचारा.

आणि कोणाचा आकडा फसवा असतो ते. एट्रिअल फिब्रिलेशन असेल तर ठोके मुळातच अनियमित, त्यामुळे एचआरव्ही भरपूर जास्त दिसतो, तो तब्येतीचा पुरावा नाही. मध्येच एखादा जादा ठोका पडणाऱ्यांचंही तेच. पेसमेकरवाल्यांनी हे मोजूच नये. बीटा ब्लॉकरची (नाडी आणि बीपी कमी करणारी) गोळी, मेटोप्रोलोल वगैरे, चालू किंवा बंद झाली तर आधीची सरासरी विसरून नव्याने सुरू करा, आणि आकड्यासाठी गोळीत स्वतःहून फेरफार कधीच नाही. नेहमी ३० वर असलेला एचआरव्ही एकदम १२० झाला आणि नाडी हाताला वेडीवाकडी लागतेय तर त्याच दिवशी ईसीजी काढा. छातीत दाब, दम लागणं, चक्कर येऊन पडणं यात घड्याळ काय म्हणतंय ते न बघता सरळ हॉस्पिटल.

डॉक्टरांकडे जाताना ॲपचा रंगीत स्कोअर दाखवून फारसा उपयोग होत नाही. त्यापेक्षा तीन महिन्यांचा ट्रेंड, सकाळची नाडी, चालू असलेल्या गोळ्यांची नावं, आणि घड्याळात ईसीजीची सोय असेल तर त्रास होत असताना काढलेली ३० सेकंदांची पट्टी पीडीएफ करून न्या, त्या पट्टीवर त्यांना खरंच काहीतरी वाचता येतं.