भाकरी परत ताटात आली तेव्हा

सहा महिने भात, पोळी, भाकरी बंद ठेवून ७ किलो उतरवले. पण जिम सुरू केली आणि तिसऱ्या सेटलाच पायांतलं त्राण जायचं. म्हणून भात, भाकरी परत सुरू केली. चार दिवसांत काटा दीड किलोने वर! त्या सकाळी मी रडकुंडीला आले.

कारण नंतर समजलं. शरीर भात-भाकरीतली कर्बोदकं ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात साठवतं, आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. वाढलं होतं ते बहुतेक पाणीच.

चूक घाईची होती. पहिल्याच दिवशी दोन्ही वेळा भात. पोट फुगलं, दुपारी झोप अनावर. मग फक्त दुपारी एक ज्वारीची भाकरी. आठवड्याने व्यायामाच्या तासभर आधी एक केळं, पुढे रात्री वाटीभर वरण-भात. उसळ, दही, अंडी तशीच ठेवली. (मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका, अगदी मनापासून सांगते.) वजन आठवड्यातून एकदाच, सोबत कमरेचं माप.

तिसऱ्या आठवड्यात काटा स्थिरावला. कंबर तेवढीच होती, आणि स्क्वॉट्सचे चारही सेट पहिल्यांदा पूर्ण झाले.