वाचून काय वाटलं ते लिहा म्हणलं की नेमकं काय लिहायचं

अंतर्गत मार्कांसाठी आता बऱ्याच विषयांत हे काम असतंय, एक उतारा वाचायला देतात, त्याच्यासोबत आठवड्यातली एखादी बातमी घ्या म्हणतात आणि दोन्हीवर तुमची प्रतिक्रिया लिहून आणा. मी सोलापुरात तासिका तत्त्वावर शिकवते, अशा वह्या सारख्या तपासते, आणि बहुतेक वह्यांत दोनच प्रकार दिसतात. एकात उताऱ्याचा सारांश आणि शेवटी "लेखकाने खूप छान विचार मांडले आहेत". दुसऱ्यात बातमीचं फक्त शीर्षक घेऊन भाषण, प्रशासनाने लक्ष दिलं पाहिजे, नागरिकांनी जागरूक झालं पाहिजे वगैरे. दोन्हीत लिहिणारा पोरगा किंवा पोरगी कुठंच सापडत नाही, आणि हीच पोरं कॅन्टीनमध्ये त्याच विषयावर इतकं मुद्देसूद बोलतात की मला खरंच वाईट वाटतं की हे वहीत का उतरत नाही.

तर माझी पद्धत सांगते, ती वापरून बघा.

उतारा पहिल्यांदा वाचताना पेन हातात घेऊच नका, सरळ शेवटपर्यंत वाचा, अडलं तरी पुढं जा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचा आणि जिथं तुम्ही थांबलात तिथं बाजूला एक रेघ मारा. थांबलात म्हणजे काय, तर पटलं नाही, कळलं नाही, आश्चर्य वाटलं, घरातली किंवा गल्लीतली एखादी गोष्ट आठवली, काहीही चालतं. अशा चार-पाच रेघा होतील, त्यातली एकच ठेवा. पोरं इथंच चुकतात, त्यांना वाटतं सगळ्या मुद्द्यांवर लिहिलं तर मार्क जास्त पडतील, मग प्रत्येक मुद्द्याला दोन ओळी मिळतात आणि कुठलाच विचार धड होत नाही. सारांश मास्तरांना पाठ असतो हो, त्यांना तुम्ही कुठं थांबलात ते बघायचं असतं.

आता उदाहरण घेते. राज्यशास्त्रात बऱ्याचदा डॉ. आंबेडकरांचं 25 नोव्हेंबर 1949 चं संविधान सभेतलं भाषण वाचायला देतात. त्यात ते तीन इशारे देतात, सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टांसाठी संविधानाचाच मार्ग धरा, कुठल्याही मोठ्या माणसाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य नेऊन ठेवू नका, आणि नुसत्या राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका, ती सामाजिक लोकशाही पण झाली पाहिजे. पहिल्या इशाऱ्यात ते फक्त रक्तरंजित क्रांतीच सोडा म्हणत नाहीत, तर कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह पण सोडा म्हणतात, त्याला ते अराजकाचं व्याकरण म्हणतात. सोलापूरच्या पोराने इथं थांबायलाच पाहिजे असं मला वाटतं. कारण आपण रोज चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जातो, 1930 च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर पेटलं, इथं मार्शल लॉ लागला, आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं हे शाळेपासून ऐकतोय. मग प्रश्न पडतोच, सत्याग्रह सोडा म्हणजे त्या काळात लोक रस्त्यावर आले ते चूक होतं का?

हा प्रश्न पडला की लगेच मत लिहायला बसायचं नाही, आधी उताऱ्यात परत जायचं. या एका गोष्टीने वही बदलते म्हणून जोर देऊन सांगते. परत गेलात की दिसतं की त्याच जागी आंबेडकरांनी त्याचं उत्तर दिलंय, जेव्हा संविधानाचा कुठलाच मार्ग शिल्लक नव्हता तेव्हा त्या पद्धतींना मोठं समर्थन होतं, पण आता मार्ग उघडा असताना ते समर्थन राहत नाही. म्हणजे 1930 ला ते चूक म्हणत नाहीयेत. आता तुमचा प्रश्न एक पायरी पुढं सरकतो, मार्ग उघडा आहे हे ठरवायचं कोणी आणि कशावरून? बघा, हा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, आणि तो फक्त परत जाऊन वाचल्यामुळे मिळाला. उताऱ्यातच उत्तर असलेला प्रश्न वहीत आला की तपासणाऱ्याला कळतं की पोराने पान उलटलं नव्हतं.

आता बातमी. बातमी उताऱ्यासारखी वाचायची नसते, कारण उतारा एकाच माणसाने विचार करून लिहिलेला असतो आणि बातमी घाईत, जागा कमी असताना, बऱ्याच हातांतून तयार होते. शीर्षक बऱ्याचदा वार्ताहर देत नाही, डेस्कवरचा उपसंपादक देतो, म्हणून फक्त शीर्षकावर प्रतिक्रिया लिहिली तर तुम्ही उपसंपादकाच्या चार शब्दांवर लिहिताय, बातमीवर नाही. आणि संपादकीय पानावरचा लेख म्हणजे बातमी नव्हे, ते मत आहे, त्याला मत म्हणूनच घ्या. "सूत्रांनी सांगितले" असं असेल तर वहीत पण तसंच लिहा, त्याचं "सिद्ध झाले" करू नका.

आकडा आला की तर थांबाच. आपल्याकडं दर उन्हाळ्यात उजनी धरणाची बातमी असते, "उजनी मायनसमध्ये", 2024 च्या उन्हाळ्यात तर वजा 50 टक्क्यांच्याही खाली गेली होती. यावर मला हमखास असं वाक्य मिळतं की उजनीत एक थेंब पाणी राहिलेलं नाही. आता गणित बघा. उजनीत उपयुक्त साठा 53.57 टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आणि त्याच्या खाली मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी, 63.66 टीएमसी, दोन्ही मिळून 117.23. बातमीतली टक्केवारी असते ती फक्त उपयुक्त साठ्याची. म्हणजे शून्य टक्के म्हणलं तेव्हा धरणात 63 टीएमसीच्या वर पाणी असतं, आणि वजा 50 म्हणलं तर 53.57 चं निम्मं म्हणजे 26.78 मृत साठ्यातून गेलं, तरी जवळपास 37 टीएमसी आहे. पावसाळ्यात 111 टक्के छापून येतं ते पण याच हिशोबाने, धरण फुगलेलं नसतं, पाणी 123 टीएमसीच्या आसपास असतं. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2831 कोटी लिटर, आता विचार करा ते "एक थेंब नाही" वाक्य किती चूक होतं.

पण म्हणून काळजीचं कारण नाही असं पण लिहू नका, हे उलट्या बाजूचं चुकणं झालं. पातळी खाली गेली की कालव्याला पाणी जात नाही म्हणजे शेतकऱ्याचं पीक अडचणीत येतं, शहराच्या पाइपलाइनला दुबार पंपिंग करावं लागतं, आणि शहराला पाणी देणारा औज बंधारा भरायला भीमेतून सोडलेलं पाणी इतकं लांब येतं की वाटेत बरंच मुरतं. म्हणजे खरा प्रश्न पाणी आहे की नाही हा नाहीच, आहे ते पाणी कोणापर्यंत पोचतं हा आहे. आकडा समजून घेतला तरच या प्रश्नापर्यंत येता येतं.

बातमीत अजून एक बघायचं, कोण बोललंय आणि कोण बोललं नाही. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 ला पाडली, होटगी रोडच्या विमानतळाला ती अडथळा म्हणून. त्या वेळच्या दोन-तीन पेपरांच्या बातम्या शेजारी ठेवून पेन्सिलीने फक्त बोलणाऱ्यांच्या खाली रेघ मारा, अधिकारी किती, नेते किती, विमानसेवा मागणारे किती, सभासद शेतकरी किती, गाळपावर पोट असणारा कामगार आणि ऊसतोड मजूर किती. मग तुमची प्रतिक्रिया आपोआप वेगळी होईल, तुम्ही कोणत्याही बाजूचे असा. एकच बातमी किमान दोन पेपरांत वाचा हे मी म्हणते ते याच्यासाठी. मोबाईलवर पेवॉल आडवं येत असेल, म्हणजे पैसे भरल्याशिवाय बातमी उघडत नसेल तर वाचनालयात जा, हिराचंद नेमचंदमध्ये बसून वाचा, तासाभरात काम होतं. व्हॉट्सॲपवर आलेलं कात्रण मात्र घेऊ नका, त्याच्यावर तारीख नसते आणि कधीकधी चार वर्षांपूर्वीचं असतं.

उतारा आणि बातमी जोडायची कशी हा सगळ्यात अवघड भाग, इथं वेळ द्या. "ज्याप्रमाणे बाबासाहेबांनी सांगितले त्याप्रमाणे आजही पाणीटंचाई आहे" हे जोडणं नाही, दोन वाक्यं नुसती शेजारी बसवली. जोड खरी आहे का हे बघायची माझी एक कसोटी आहे, बातमी वाचल्यावर उताऱ्यातलं ते वाक्य तुम्हाला थोडं तरी वेगळं दिसायला लागलं का, किंवा उतारा वाचल्यामुळे बातमीत आधी न दिसलेलं काही दिसलं का. दोन्हीपैकी काहीच झालं नाही तर बातमी बदला, उतारा तर बदलता येत नाही.

वरच्या भाषणाला जोडायला उन्हाळ्यातली हंडा मोर्चाची बातमी घेऊ, बाया रिकामे हंडे घेऊन महापालिकेवर जातात ती. एखादी पोरगी असं लिहू शकते, नमुना म्हणून मीच लिहिलाय, जसाच्या तसा उतरवू नका:

"सत्याग्रह सोडा हे वाक्य वाचून मी थांबले, कारण आमच्या गल्लीतल्या बायका मोर्चाला गेल्या होत्या आणि माझी आई पण गेली होती. आधी मला वाटलं की हे भाषण आईच्या विरोधात आहे. मग मी परत वाचलं आणि संविधानाचं कलम 19 काढून बघितलं, त्यात शांततेने आणि शस्त्रांशिवाय जमायचा हक्क दिलाय. म्हणजे हंडा मोर्चा हा संविधानाच्या बाहेरचा मार्ग नाही, तो आतलाच आहे. पण बातमीत लिहिलं होतं की अधिकाऱ्यांनी निवेदन घेतलं, पुढं काय झालं ते नव्हतं. आईने सांगितलं की याच्या आधी पण निवेदन दिलं होतं. याच भाषणात पुढं म्हणलंय की राजकारणात समता असेल पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. आमच्या गल्लीत मत सगळ्यांना एकच आहे, पाणी मात्र ज्याच्याकडे मोठी टाकी आणि मोटार आहे त्याला जास्त मिळतं. माझा प्रश्न असा आहे की मार्ग उघडा आहे पण तिकडून उत्तरच येत नसेल तर त्याला उघडा म्हणायचं का."

बघा यात काय काय झालं. थांबायची जागा आहे, आधीचं मत आहे, परत वाचणं आहे, मत बदललेलं आहे, बातमीत काय नव्हतं ते तिने पकडलंय, आणि शेवटी प्रश्न आहे जो सोपा नाही. भाषा एकदम साधी, एक पण जड शब्द नाही. यात आईचं बोलणं आलंय ते पण चालतं, फक्त बातमीतलं कुठलं आणि आईचं कुठलं हे वेगळं दिसलं पाहिजे, तिने ते नीट केलंय.

भाषेचं राहिलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बऱ्याच पोरांच्या घरी तेलुगू बोलतात, कोणाकडं कन्नड, कोणाकडं उर्दू किंवा दखनी, आणि ही पोरं मराठी चुकेल म्हणून भीतभीत गाईडमधली वाक्यं उचलतात. नका उचलू. पहिला कच्चा मसुदा ज्या भाषेत डोकं चालतं त्या भाषेत लिहा, मोबाईलवर बोलून रेकॉर्ड केलं तरी चालेल, मग मराठीत आणा. व्याकरणाची चूक दुरुस्त करता येते, उसन्या वाक्यात दुरुस्त करायला तुमचं काही नसतंच. चॅटजीपीटीचं पण तेच, त्याला कलम 19 समजावून सांग म्हणायला हरकत नाही, नंतर मूळ मजकुराशी ताडून बघा, पण तुम्ही कुठल्या ओळीवर थांबलात हे त्याला माहीत नसतं आणि म्हणून तसल्या वहीत सगळं गुळगुळीत असतं, ना पान नंबर, ना गल्ली.

"मला वाटतं" लिहिलं तर मार्क कापतात अशी एक अफवा आहे, मी तरी कापत नाही, फक्त त्याच्या पुढं "कारण" आलं पाहिजे. न पटलेलं बिनधास्त लिहा, पण लेखकाची बाजू आधी एका वाक्यात अशी मांडा की तो स्वतः वाचला असता तर हो, मी हेच म्हणलं असं म्हणाला असता. एवढं केलं की तुमचा विरोध कोणाला उडवून लावता येत नाही. लांबी दीड-दोन पानं, सारांशाला त्यातल्या चार ओळींपेक्षा जास्त देऊ नका.

वहीत देण्याआधी एकदा मोठ्याने वाचा, जिथं तुमचाच श्वास अडकतो तिथं वाक्य तोडा. बातमीखाली पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख आणि पान नंबर लिहा. ऑनलाइन वाचली असेल तर त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण वेबसाइटवरची बातमी दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरी असू शकते, आणि तुम्ही कुठल्या बातमीवर लिहिलं हे मला विचारावं लागू नये.