दहा ग्रॅममधून सतरा ग्रॅम: अकरावीचे रसायनशास्त्र आणि मोल

अकरावीच्या पहिल्या चाचणीत मला रसायनशास्त्रात पंचवीसपैकी सहा गुण मिळाले. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले असल्याने दोष इंग्रजीचा आहे, अशी सोयीस्कर समजूत करून घेऊन मी दोन महिने शब्दांचे अर्थ पाठ करण्यात घालवले. घोटाळा प्रत्यक्षात मोल या संकल्पनेत होता, आणि नववीत ती मी मराठीतूनसुद्धा न समजता पाठच केलेली होती.

मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात इतके कण, हे तुम्हालाही म्हणता येत असेल. मी अडकले ती लिमिटिंग रिएजंटच्या, म्हणजे अभिक्रियेत आधी संपणाऱ्या पदार्थाच्या उदाहरणात. ७ ग्रॅम नायट्रोजन आणि ३ ग्रॅम हायड्रोजन यांपासून जास्तीत जास्त किती अमोनिया मिळेल, असा प्रश्न होता. हायड्रोजन वजनाने कमी, म्हणून तोच आधी संपणार, असे मी गृहीत धरले. हायड्रोजनचा एक मोल २ ग्रॅमचा, म्हणून ३ ग्रॅम म्हणजे दीड मोल, त्यापासून एक मोल अमोनिया, म्हणून उत्तर १७ ग्रॅम. आकडेमोड बिनचूक होती. बीएस्सी करणाऱ्या माझ्या आतेबहिणीने वही पाहून एवढेच विचारले, की एकूण माल १० ग्रॅमचा असताना १७ ग्रॅम पदार्थ आला कुठून?

नायट्रोजनच्या एका रेणूला हायड्रोजनचे तीन रेणू लागतात, तीन ग्रॅम नव्हे, आणि त्यांपासून अमोनियाचे दोन रेणू बनतात. नायट्रोजनचा एक मोल २८ ग्रॅमचा असल्यामुळे ७ ग्रॅम म्हणजे पाव मोल, आणि त्याला पाऊण मोल, म्हणजे अवघा दीड ग्रॅम हायड्रोजन पुरतो. अमोनिया अर्धा मोल, म्हणजे ८.५ ग्रॅम तयार होतो, दीड ग्रॅम हायड्रोजन उरतो आणि बेरीज पुन्हा १० येते. वजनाने दुपटीहून जास्त असलेला नायट्रोजनच आधी संपतो.

हे कळल्यावर मी लगेच दुसऱ्या खड्ड्यात पडले, तो असा की ग्रॅमचे मोल करून ज्याचे मोल कमी तो आधी संपणारा, असे ठरवू लागले. २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ४ ग्रॅम हायड्रोजन घेतल्यास मोल अनुक्रमे एक आणि दोन होतात. तरीही एका मोलला तीन मोल लागत असल्यामुळे येथे हायड्रोजनच अपुरा पडतो. मोलची संख्या समीकरणातील त्या त्या पदार्थाच्या सहगुणकाने, म्हणजे त्याच्या आधी लिहिलेल्या अंकाने, भागून मगच तुलना करावी: एकाला एकाने भागून एक, दोनाला तीनाने भागून दोन तृतीयांश.

वर्गात आम्हाला पाच वडे आणि आठ पाव यांचे उदाहरण देत असत, आणि ते सर्वांना समजत असे, कारण त्यात नग मोजलेले असतात. परीक्षेत वडे आणि पाव किलोत दिलेले असतात, हे मात्र कोणी सांगितले नाही. शॉर्टकट शिकवणाऱ्या क्लासबद्दल माझे मत यामुळेच वाईट आहे: ‘भागून लहान येईल तो’ हे सूत्र बरोबर असले, तरी कशाला कशाने भागायचे हे विसरणाऱ्याला ते काहीच सांगत नाही. वर्गात न विचारण्याची चूक मात्र माझीच होती.

ऑक्सिडीकरण अंक (बंधातील इलेक्ट्रॉन ते जास्त ओढणाऱ्या अणूचे मानले तर अणूवर येणारा प्रभार) आणि संयुजा (अणू किती बंध करतो ती संख्या) यांतील गोंधळ त्या मानाने लवकर सुटतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजनची संयुजा दोनच, पण ऑक्सिडीकरण अंक उणे एक, हे एकदा स्वतः मांडून पाहिले की पुरते. मोलला मला पूर्ण दिवाळीची सुट्टी लागली. तुम्हालाही तेवढा वेळ लागला तर घाबरू नका, पण तो धडा सोडून पुढे मात्र जाऊ नका, कारण द्रावणे, वायू आणि समतोल या साऱ्यांत तोच मोल परत येतो. आजही उत्तराखाली रेघ मारण्यापूर्वी मी घेतलेल्या आणि मिळालेल्या ग्रॅमची बेरीज करून पाहते.