जँगोची ‘नो रिव्हर्स मॅच’ एरर: आधी कंस बघा

जँगोमध्ये (पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) पान उघडताना ‘नो रिव्हर्स मॅच’, म्हणजे ‘दिलेल्या नावाची लिंक बनवता आली नाही’ ही एरर आली की बहुतेक जण थेट यूआरएलची फाईल उघडून पॅटर्न तपासत बसतात. मीही एकदा अख्खी दुपार त्यात घालवली. पॅटर्न अगदी बरोबर होता.

खरा धागा एररच्या वाक्यातच असतो. ‘विथ आर्ग्युमेंट्स’ या शब्दांपुढचा कंस नीट वाचा. तिथे नुसती रिकामी अवतरणचिन्हं दिसली तर लिंकला आयडी पोचलेलाच नाही. कारण सोपं आहे: टेम्प्लेटमध्ये (पानाच्या एचटीएमएल साच्यात) नसलेलं व्हेरिएबल वापरलं तर जँगो तक्रार करत नाही, गुपचूप रिकामी स्ट्रिंग ठेवतो. व्ह्यूने (पानाला माहिती पुरवणाऱ्या कोडने) ऑब्जेक्ट ‘पुस्तक’ नावाने पाठवलं आणि टेम्प्लेटमध्ये तुम्ही ‘पुस्तके’ लिहिलं, एवढंच पुरतं. कंसात ‘नन’ (पायथॉनमध्ये ‘काहीच नाही’) दिसलं तर गोष्ट वेगळी. ऑब्जेक्ट मिळालंय, पण बहुधा अजून सेव्ह झालेलं नाही, म्हणून त्याला आयडीच नाही.

चूक कुठल्या नावात आहे ते कळत नसेल तर सेटिंग्जमध्ये टेम्प्लेट्सच्या ऑप्शन्सखाली ‘स्ट्रिंग_इफ_इनव्हॅलिड’ला ‘सापडलं नाही: %स’ अशी किंमत द्या. त्यातला ‘स’ मात्र कोडमध्ये इंग्रजी एसच हवा. मग रिकाम्या जागी हरवलेल्या व्हेरिएबलचं नावच एररमध्ये छापून येतं. काम झालं की ही ओळ आठवणीने काढा, कारण जँगोच्या अ‍ॅडमिनसकट बरेच टेम्प्लेट्स त्या रिकाम्या स्ट्रिंगवरच अवलंबून असतात.